बिनगाठीचा दोरा

३ सप्टेंबर

आईनं पडदा कापला! पुढच्या खोलीतला. कामावरून आले तर घरात नको तेवढं ऊन, आणि आई सतरंजीवर बसून शांतपणे चौकोन पाडतेय. पट्टी न लावता, तरी सगळे सारखे. मला बघून म्हणाली, "तुकडे संपले होते गं." जणू घरातलं मीठ संपलं.

शेजारच्या काकू मधूनमधून डोकावतात, पण आईला कात्री चालवताना कोण अडवणार? जन्मभर तिनं तेच तर केलं – लोकांच्या घरातल्या चिंध्या आणून गोधड्या शिवल्या, त्यावर आम्हा दोघांना वाढवलं. फक्त आता वापरातलं कुठलं आणि उरलेलं कुठलं, ते तिला उमगत नाही. गेल्या महिन्यात दादाचा लग्नातला कोट गेला. ते त्याला अजून सांगितलेलं नाही.

डॉक्टर म्हणाले होते, हात सगळ्यात शेवटी विसरतात, हातांना काम द्या. आणि दादा म्हणाला होता – हात आहेत तोवर घरी. हात विसरायला लागले की वृद्धांच्या संस्थेत. सुई कुठे टोचून घेईल, गॅस कसा लावेल, तू दिवसभर घरी नसतेस. मी कबूल केलं होतं.

कात्री माझ्या कपाटात टाकून कुलूप लावलं. तिचीच कात्री. चोरी केल्यासारखं वाटलं.

५ सप्टेंबर

कोपऱ्यावरच्या टेलरकाकांकडे चिंध्या मागायला गेले. म्हणाले, हल्ली लोक तयार कपडे घेतात, माझ्याकडे येतात ते पँटी आखूड करायला. "तुझ्या आईला काय, पँटींच्या शेपट्या देऊ?" तरी एक पिशवी भरून दिली. शेपट्याच! आई खूश. दोरा दातानं तोडते आता, कात्री विचारतही नाही.

९ सप्टेंबर

पिशवी संपली. आई सकाळपासून माझ्या ओढणीकडे बघतेय.

१० सप्टेंबर

आज एक वाईट काम केलं.

कामावरून दुपारी दोन तासांची सुट्टी मागून घरी आले. आई जेवून झोपली. तिनं जोडलेलं सगळं घेऊन मी स्वयंपाकघरात गेले, दार लोटलं आणि उसवलं. पूर्ण. मग तुकड्यांना इस्त्री केली, जुने दोरे वेचून काढले आणि पिशवी परत भरून ठेवली. उठल्यावर आईनं पिशवीत हात घातला. "अगंबाई, एवढे आहेत की अजून!" इतकी हसली!

तिनं हसायला नको होतं. रागावली असती तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर

परत तेच.

१८ सप्टेंबर

रोज दुपारी तेवढी सुट्टी घेऊन घरी येते आणि उसवते. ती सकाळी जोडते, मी दुपारी सोडवते. माणूस कुणाचं काम असं मातीत घालतं का? पण पिशवी भरलेली असली की घरातलं काही कापलं जात नाही, आई गुणगुणत बसते, आणि दादाला फोनवर सांगता येतं – हात ठीक आहेत. खोटं नाही ते. मी दहादा तपासून पाहिलंय, खोटं नाही.

आईची गाठ मात्र भयंकर. शिवणीच्या आत दडवते, नखानंही सुटत नाही. ब्लेडनंच कापावी लागते.

माझी पहिली शाळा म्हणजे हीच सतरंजी. आकडे चिंध्यांवर शिकले, अक्षरं टेलरच्या खडूनं कापडावर गिरवली. आणि टाके. पक्का टाका गाठीनं सुरू करायचा, गाठीनं संपवायचा. कच्चा टाका – नुसतं कापड जागेवर धरायला घालतात आणि मागाहून काढतात – त्याला गाठ नाही. आई म्हणायची, काढणाऱ्याचे हाल होतात. मी आपली कच्च्यालाही गाठ मारून ठेवायचे. सुटलं तर? मग तिनं माझं नाव फूटपट्टी ठेवलं. "फूटपट्टे, सगळंच काही जन्मभर धरून ठेवायचं नसतं."

२१ सप्टेंबर

ब्लेड निसटलं. पडद्याच्या तुकड्याला भोक आणि माझ्या बोटाला ही मोठी चीर. आईनं विचारलं तर म्हणाले, भाजी चिरताना लागलं. तिनं बोट हातात घेतलं. उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. मग तो भोक पडलेला तुकडा उचलला, तोही तसाच पाहिला. नक्की काय दिसलं तिला, कोण जाणे. थोड्या वेळानं मला "बाई" म्हणाली, तुमचं घर कुठे, म्हणून विचारलं.

२३ सप्टेंबर

आईनं गाठ मारली नाही.

सुरुवातीलाही नाही, शेवटीही नाही. मी ब्लेड घेऊन बसले होते. टोक हातात आलं, ओढलं, आणि सगळी ओळ आपोआप सुटत गेली. टाके तेच – बारीक, एकसारखे. फक्त गाठ नाही. चुकून राहिली असेल.

२४ सप्टेंबर

आजही नाही.

४ ऑक्टोबर

एकाही ओळीला नाही. इतकी वर्षं झोपेतसुद्धा बोटं गाठ मारायची तिची! मी सुई ओवून दिली, गाठ मारून दिली, तर तिनं दातानं गाठ तोडून टाकली आणि तशीच शिवायला लागली. म्हणजे गाठ कशासाठी, हेही गेलं.

उसवणं आता फार सोपं झालंय. दोरा सर्रकन येतो, कापडाला इजा नाही. पूर्वी तासभर लागायचा. त्या सोपेपणाचीच भीती वाटते. दादाला सांगितलेलं नाही. त्यानं विचारलेलं नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

दादा आला होता. आईला तो टेलरकाका वाटला. बाह्या तोकड्या केल्यास म्हणून तिनं त्याला चांगलंच झापलं. दादा म्हणाला, पुढच्या वेळी कापड जास्त आणा. आम्ही दोघं हसलो. मी थांबले, तो बराच वेळ हसत राहिला, मग चष्मा पुसायला लागला.

जाताना जिन्यात म्हणाला, "हात ठीक आहेत ना? तू म्हणशील ते. मी तुझ्यावर सोडतो."

हो म्हणायचं होतं. एवढंच. त्यानं तपासलंही नसतं. पण त्यानं माझ्यावर सोडलं, आणि मग माझ्यानं खोटं बोलवेना. म्हणाले, "गाठ मारायची विसरतेय."

तो पायरीवरच बसला. मीही बसले.

१९ ऑक्टोबर

सोडून आलो.

तिनं काही विचारलं नाही. फक्त निघताना, "पिशवी घेतलीस ना?" घेतली होती. काल दुपारी शेवटचं उसवून, इस्त्री करून, नीट भरून ठेवली होती.

२० ऑक्टोबर

जेवण झाल्यावर उठून स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. मग आठवलं, काहीच करायचं नाही.

कपाटाचं कुलूप काढलं.

१ नोव्हेंबर, रविवार

आईला भेटून आले. खिडकीजवळ खुर्ची दिलीय तिला. तिथल्या मावशी प्रेमळ आहेत, सगळ्यांना सरसकट आजी आजी करत नाहीत, नावानं विचारपूस करतात. सुया मोजून देतात, मोजून घेतात – तेवढं मी आधीच बजावलं होतं.

आईनं मला ओळखलं नाही. पण माझा हात ओढून घेतला आणि ते बोट शोधून काढलं. चीर भरून आलीय, नुसता व्रण उरलाय. त्यावर अंगठा फिरवला. मग मांडीवरचं शिवलेलं घडी करून माझ्या हातात दिलं. बरंच मोठं झालंय! मावशी म्हणाल्या, न्या घरी, अस्तर लावून आणा. बसमध्ये उघडलं नाही. घडी छातीशी धरून बसले.

२ नोव्हेंबर

टेबलावर पसरलं. कोट, पडदा, शेपट्या. हात सवयीनं कडेला गेला, दोऱ्याचं टोक धरून ओढलं.

आला नाही.

दुसरी ओळ. तीही नाही. शिवणीत नख घालून पाहिलं – गाठ. प्रत्येक ओळीला, दोन्ही टोकांना. आईची गाठ.

मावशींना फोन करून विचारलं, गाठी कोण मारून देतं? त्या म्हणाल्या, कुणी नाही हो, सगळं त्यांचं त्याच करतात. फक्त पहिल्या दिवशी पिशवी उघडेनात. पोटाशी धरून बसल्या होत्या. मग तुमच्या आईनं हळूच मला विचारलं, "इथे कुणाला उसवावं लागत नाही ना?"