तळ्यावरचे चौऱ्याण्णव करकोचे

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालणार होते, पण दुकानात आडवं व्हायला जमीनच शिल्लक नाही, सगळीकडे कागद आहेत. तेव्हा उभ्यानेच घातला असं समजा.) तुमचा खोकला कसा आहे? मामींचा गुडघा जिना चढताना दुखतो की उतरताना, हे आईला नक्की सांगता येईना. शेजारच्या वकिलांशी तुमची बोलाचाली अजून बंदच आहे असंही ती म्हणाली. तुमची दुर्बीण त्यांनीच ढापली, हे तुम्ही म्हणे तिन्ही मजल्यांवर सांगून आलात. त्या विषयाकडे मी येतेच, पण सावकाश.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला असता, पण फोनवर माझं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही हॅलो हॅलो करता, मी मान हलवते, आणि मग तुम्ही फोनच्या कंपनीला शिव्या देऊन ठेवून देता. नववीत मी शाळा सोडली तेव्हा घरात सगळ्यांनी सुतकी चेहरे केले. तुम्ही एकटेच म्हणालात, घुमीला तोंड न उघडता करता येईल असं काम बघू, आणि तुमच्या वर्गमित्राच्या बाइंडिंगच्या दुकानात मला लावून दिलंत. दोन वर्षं झाली, काम मला आवडतं. कागद उलटून प्रश्न विचारत नाही. पण गेल्या शनिवार-रविवारी ते काम जायची वेळ आली होती, आणि ते तुम्हाला मालकांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेलं बरं.

झालं असं की इथे तळ्यावर पक्षीमहोत्सव होता. दोन दिवस. लोक पहाटे उठून पक्षी बघतात, दिवसभर त्यावर भाषणं ऐकतात, दुर्बिणी विकत घेतात आणि कोणी किती पक्षी बघितले त्यावरून एकमेकांवर जळतात. त्यांच्यात दोन जाती असतात. नवे, त्यांना हिरवी फीत. आणि मुरलेले, त्यांना तपकिरी फीत, तपकिरी टोपी, आणि तोफेएवढा कॅमेरा. मुरलेले कुजबुजतात आणि नव्यांना पक्ष्याचं नाव कधीही सांगत नाहीत. त्यांचा तसा नियमच आहे. नव्याने विचारलं की हा कोणता, की मुरलेला डोळे मिटून म्हणतो, "पुस्तकात बघा." स्वतः शोधलं की लक्षात राहतं म्हणे. (मला वाटतं अर्ध्यांना येत नसावं.)

तर ते पुस्तक बांधायचं काम आमच्याकडे आलं. नव्यांसाठी, चोवीस पक्षी, तीनशे प्रती. उघडलं की डाव्या हाताला रंगीत फोटो, उजव्या हाताला माहिती. फोटोखाली नाव नाही. नाव छापलं की लोक पक्षी बघत नाहीत, नाव बघतात, असं त्यांच्या अध्यक्षांचं म्हणणं. (अध्यक्ष म्हणजे रिटायर्ड दातांचे डॉक्टर. जन्मभर लोकांना आ करा म्हणाले, आता स्वतः आ करून झाडाकडे बघतात.) सगळ्यात पहिला फोटो मात्र पक्ष्याचा नाही, चौकातल्या चष्मेवाल्याचा, कारण पुस्तकाचा खर्च त्याने दिला. त्याच्यासमोर त्याचे आभार.

आता पानं कशी लावतात ते तुम्हाला सांगते, म्हणजे माझा गुन्हा नीट कळेल. लांब टेबलावर गठ्ठे मांडायचे, एक फोटोचा, एक माहितीचा, एक फोटोचा, एक माहितीचा, आणि टेबलाभोवती फिरत प्रत्येकातलं एकेक पान उचलत जायचं. एक फेरी, एक पुस्तक. मी मांडायला घेतलं तर आभाराचा गठ्ठा कुठे दिसेना. मग दिसला. मालक त्याच्यावर बसले होते. त्यांची खुर्ची खचलीय, तेव्हा हाताला लागेल तो गठ्ठा ते बुडाखाली घेतात. कोपऱ्यावरचं "मनःपूर्वक" एवढं मला स्पष्ट वाचता येत होतं. आता मालकांना "उठा" म्हणायचं कोणी? मी तीनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, काय गं, चहा पाहिजे का, आणि मी मान हलवली, आणि मला चहा मिळाला. मग मी विचार केला, आभार म्हणजे काही पक्षी नाही, नसले तर कोणाचं अडणार आहे! माहितीचा पुढचा गठ्ठा एक घर मागे सरकवला आणि फिरायला लागले. शेवटी घुबडाच्या फोटोला माहितीच उरली नाही. म्हटलं, घुबड सगळ्यांना ओळखू येतं, त्याला कशाला ओळख लागते.

मामा, एक गठ्ठा सरकला की सगळेच सरकतात, हे मला दोन वर्षं काम करूनही त्या दिवशी सुचलं नाही.

शनिवारी मालकांनी मलाच पुस्तकं वाटायला तळ्यावर बसवलं. बोलायचं काही नाही, नुसतं हातात द्यायचं, म्हणाले. सकाळचा फेरफटका आटपून हिरव्या फितीवाले परत आले ते नाचतच आले. सगळ्यांनी कोणकोणते पक्षी दिसले ते फॉर्मवर लिहून पेटीत टाकलं. पेटी उघडून आकडे लावले तर मुरलेल्यांच्या तंबूत एकदम धावपळ. चौऱ्याण्णव जणांनी काळा करकोचा बघितला होता. हा पक्षी या तळ्यावर अकरा वर्षांत कोणालाही दिसलेला नाही. अध्यक्ष तर अकरा वर्षं त्याच्यासाठी झुरतायत, त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं, आणि फार प्रेमाने नाही सांगितलं.

मी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर चष्मेवाला कोट घालून हसत होता आणि त्याच्यासमोर लिहिलेलं होतं: "राखी बगळा. तासन्‌तास एका जागी न हलता उभा राहतो. भक्ष्य टप्प्यात आलं की झडप घालतो. आवाज कर्कश." (चष्मेवाल्याच्या बाबतीत एक अक्षर चुकलेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) बगळ्यासमोर सुतार पक्ष्याची माहिती, म्हणून लोक सकाळभर बगळा झाडाला भोकं कधी पाडतो याची वाट बघत होते. आणि पाणकोंबडीच्या फोटोसमोर काळा करकोचा. पाणकोंबडी काळी, चोच लाल. करकोचा काळा, चोच लाल. करकोचा माणसाच्या कमरेएवढा आणि पाणकोंबडी कोंबडीएवढी, पण हिरव्या फितीवाल्यांनी ते आपापसांत मिटवलं होतं, की लांबून लहानच दिसणार.

इथवर चूक माझी. पण पुढचं ऐका. दुपारपर्यंत तीन मुरलेल्यांनाही करकोचा दिसला! एकाला उडताना, एकाला उतरताना, आणि एकाला नुसता जाणवला.

मी मालकांना पुस्तक उघडून दाखवलं. त्यांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, उद्या संध्याकाळी हॉलमध्ये सगळ्यांसमोर आकडे वाचणार आहेत, त्याआधी माईकवर जाऊन चूक सांगायची, आणि ती तूच सांगायची, नाहीतर सोमवारपासून येऊ नकोस. चारशे माणसं, मामा. वर्गात बेचाळीस होती, तर मी शाळा सोडली.

रात्रभर विचार करून मी एक शक्कल काढली. अध्यक्षांना एकटं गाठायचं, त्यांच्या कानात सांगायचं, पुढचं माईकचं ते बघतील. रविवारी सकाळी ते लव्हाळ्यात घडीच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर डबा, डोळ्याला दुर्बीण. मी शेजारी उकिडवी बसले. आणि एक गंमत सांगू? तिथे सगळेच कुजबुजतात. जन्मात पहिल्यांदा माझा आवाज अगदी मापात होता. कोणी "मोठ्याने बोल" म्हणालंच नाही.

मी पुस्तक पुढे केलं आणि समोर पाण्यात पाणकोंबडी चालली होती तिच्याकडे बोट दाखवलं. त्यांनी फोटो बघितला, पाणकोंबडी बघितली, समोरचं पान बघितलं.

"सहा चाळीसला," ते कुजबुजले.

"काय?"

"मी काल फॉर्मवर लिहिलंय. सहा चाळीसला दिसला म्हणून."

"दिसला का?"

"अगं, चौऱ्याण्णव जणांना दिसला, आणि मी अध्यक्ष! मला नाही दिसला म्हणू?" मग डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढे केलं. "तू काही बोलू नकोस, बाळ. आजचाच दिवस. उद्या तो उडून गेला असं मी जाहीर करतो."

म्हणजे बघा. आयुष्यभर सगळे मला बोल बोल म्हणून मागे लागले, आणि ज्या दिवशी बोलायला निघाले त्याच दिवशी गप्प बस म्हणणारा भेटला. खोटं कशाला सांगू, मला आनंदच झाला. दुसरी नोकरी बघू म्हटलं, कुठेतरी रखवालदाराची.

पण दुपारी एक शिवणकाम करणारी बाई टेबलाशी आली. हिरवी फीत, पहिलीच खेप. तिने वहीत पेन्सिलीने पक्षी काढला होता. चोचीचं पिवळं टोक, बाजूची पांढरी रेघ, शेपटी वर, सगळं जिथल्या तिथे. शंभर टक्के पाणकोंबडी. खाली टपोऱ्या अक्षरात, काळा करकोचा. तिने मला विचारलं, "हाच ना गं?" आणि मी मान हलवली. सवयीने हो म्हणून बसले. ती खूश होऊन गेली आणि मी तिथेच बसले, पण माझी ती मान काही केल्या खाली बसेना. इतकं बघून, इतकं बरोबर काढलेलं, आणि नाव तेवढं माझ्यामुळे खोटं.

संध्याकाळी हॉलमध्ये अध्यक्ष कागद घेऊन उठले, आणि त्यांच्या आधी मी माईकपाशी कशी पोचले ते मला विचारू नका, पायांना विचारा. तोंड उघडलं, आवाज नाही. पुन्हा उघडलं, नुसती हवा. मग कुजबुज आली. आणि मामा, ही पक्षीवाली माणसं आहेत. कोणी कुजबुजलं की त्यांना वाटतं काहीतरी दिसलंय. चारशे माणसं श्वास रोखून गप्प झाली. काहींनी तर दुर्बीण लावली माझ्यावर. मी म्हटलं, पानं चुकली आहेत. माझ्याकडून. तळ्यावर करकोचा नाही, ती पाणकोंबडी आहे. बघितलंय सगळ्यांनी बरोबर, नावं चुकीची आहेत.

एवढंच बोलले. शेवटच्या रांगेतून एका पोराचा खणखणीत आवाज आला, "मग ते मोठे कॅमेरेवाले काय बघत होते?"

तिन्ही मुरलेले छताकडे बघायला लागले, जणू तिथे काही बसलंय. अध्यक्षांनी खिशातून पेन काढलं, यादीतल्या एका ओळीवर रेघ मारली, आणि माईकमध्ये म्हणाले, "सहा चाळीस रद्द." आणि मग मधल्या रांगेत आपले मालक उठले. (दहा दिवस उशिरा, पण उठले.) म्हणाले, गठ्ठा माझ्या खाली होता, आज सकाळी सापडला, पोरीला बोलू नका.

आधी ती शिवणवाली बाई हसली, मग सगळाच हॉल. मी मात्र थेट घरी आले आणि दोन तास पांघरूण डोक्यावरून घेऊन पडले.

असो. मामींना नमस्कार. खोकल्याकडे लक्ष द्या.

तुमची,
घुमी

ता. क. नोकरी आहे. पुस्तक नव्याने बांधतोय, खुर्ची दुरुस्तीला गेलीय. चष्मेवाला रागावेल असं वाटलं होतं, पण पोरं तो राखी बगळा बघायला दुकानात येतात आणि येताना आईबापांना आणतात. त्याचं म्हणणं, माझं पान तसंच ठेवा.

ता. क. २. तुमची दुर्बीण वकिलांनी ढापलेली नाही. ती माझ्याकडे आहे. मे महिन्यात आले तेव्हा कपाटातून घेतली, विचारणारच होते, पण तुम्हाला माहीतच आहे. काच शाबूत आहे. पट्टा थोडा चिखलाचा आहे.

ता. क. ३. पत्र लिहायचं हे खरं कारण. बुधवारी पहाटे कामावर जायच्या आधी मी एकटीच तळ्यावर गेले होते. पलीकडच्या काठाला एक पक्षी उभा होता. काळा, पोट पांढरं, चोच लाल, लांब लाल पाय, कमरेएवढा उंच. तुमच्या दुर्बिणीतून त्याच्या डोळ्याभोवतीचं लाल कडंसुद्धा दिसलं. पुस्तकात बघितलं, तर पुस्तकाप्रमाणे ते घुबड निघालं. मग आपलीच चूक आठवली आणि मी एक पान मागे उलटलं. गुरुवारीही होता. आजही आहे. मी कोणालाही सांगितलेलं नाही. या गावात करकोचा हा शब्द मी परत कुठल्या तोंडाने काढू? तेव्हा रविवारी पहाटे तुम्ही या. आणि येताना वकिलांनाही घेऊन या. त्यांची माफी तुम्हाला मागायचीच आहे, आणि साक्षीला वकील असलेला बरा.