डाव्या कडेची खुर्ची

१४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचतोस पण उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलेय. माझं अक्षर तुला माहीतच आहे. सावकाश वाच, पण पूर्ण वाच.

इकडे ठीक चाललंय. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. खालच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, त्यांची मुलगी दिवसभर जिन्यात चेंडू आपटत असते. सगळी इमारत वैतागलीय, बाबांची मात्र काही तक्रार नाही. माझं ऑफिसही चालू आहे. म्हणजे जातेय.

तू रागावलायस, आणि रागावणारच. त्या दिवशी फोनवर म्हणालास, ‘‘तुझ्याच कंपनीनं माझा कार्यक्रम मारला. तुला साधं वर टाकता आलं नाही?’’ मी गप्प बसले. गप्प बसले म्हणजे प्रयत्न केला नाही, असं तू धरून चाललायस. तसं नाहीये, दादा.

आमच्या ॲपवर शहरातल्या सगळ्या मैफली दिसतात, तिकिटंही तिथेच मिळतात. पण पहिल्या पानावर कोण येणार, हे आम्ही माणसं ठरवत नाही. तुझा कार्यक्रम पार खाली गेला होता. शोधणाऱ्यालाही बोट दुखेपर्यंत सरकवावं लागत होतं. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, ‘‘एक छोटा कार्यक्रम आहे, दोन दिवस तरी वर दाखवू या.’’

ते म्हणाले, ‘‘लोक ज्यावर बोट ठेवतात, ते आपोआप वर येतं.’’

‘‘पण लोक बोट ठेवतात ते वर दिसतं त्यावरच ना?’’

ते हसले. माणूस वाईट नाही. म्हणाले, ‘‘अगदी बरोबर बोललीस. पण ते माझ्याही हातात नाही.’’ कोणाच्या हातात आहे, हे विचारायला मी आणखी दोन खोल्यांत जाऊन आले. तिथेही सगळ्यांचे हात रिकामे.

मग कार्यक्रमाच्याच दिवशी दुपारी आयोजकाचा निरोप आला. तिकिटं खपली नाहीत, स्पीकर आणि दिव्यांचा खर्चही निघत नाही, रद्द करा. तू तेव्हा गिटार घेऊन गाडीत बसला होतास, निम्म्या वाटेत होतास. कार्यक्रम रद्द करायचं काम आमच्या टेबलाचं असतं. मी आयोजकाला फोन लावला, हातापाया पडले. तो म्हणाला, ‘‘ताई, मला काय आनंद होतोय का?’’ आणि ठेवला.

तू विचारलं होतंस ना, बटण कोणी दाबलं? मी दाबलं. शेजारच्या टेबलावरची म्हणाली होती, ‘‘सरक, मी करते.’’ पण मला वाटलं, परक्या हातानं नको.

बटण दाबलं की तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला मेसेज जातो. ‘क्षमस्व, कार्यक्रम रद्द झाला आहे. तुम्हाला हेही कार्यक्रम आवडू शकतील.’ त्यातला एक मेसेज आपल्या घरी आला.

हे तुला सांगणार नाही, असं मी कबूल केलं होतं. पण आता न सांगून कोणाचं भलं होणार आहे?

कार्यक्रमाच्या काही दिवस आधी बाबा फोन घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, ‘‘तुमचं ते तिकिटांचं दुकान यात घालून दे.’’

मला वाटलं, थट्टा करतायत. ‘‘कोणाचं गाणं ऐकायचंय, बाबा?’’

‘‘कोणाचं म्हणजे? त्याचंच.’’ आणि लगेच, ‘‘त्याला बोलायचं नाही. मी जाईन, ऐकेन, निघून येईन.’’

मी मागची खुर्ची दाखवली, म्हणजे तुला दिसणार नाहीत. तर म्हणाले, ‘‘मागे नको. डाव्या कडेची घे.’’ का, ते सांगेनात. खूप खोदून विचारल्यावर बोलले. डावा कान केव्हाच गेलाय. डाव्या कडेला बसलं की उजवा कान रंगमंचाकडे राहतो. त्यांनी सगळा हिशेब आधीच करून ठेवला होता.

दादा, आयुष्यभर ते पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या मशीनपुढे उभे होते. कानाची नस मरत चाललीय. मी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले, तर कळलं की ते एकटेच आधी दोनदा जाऊन आले होते. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘यंत्र लावू, बोलणं थोडंफार कळेल.’’ बाबांनी विचारलं, ‘‘आणि गाणं?’’ त्या माझ्याकडे बघायला लागल्या.

त्यांनी ओळखीपाळखी काढून तुला कारखान्यात चिकटवलं होतं आणि तू आठवड्यात सोडून आलास. तेव्हा ते तुला काय म्हणाले होते, ते मी इथे लिहीत नाही. तुझं गाणं यापुढे आपल्या कानावर पडता कामा नये, असं म्हणाले होते एवढं तुलाही पाठ आहे, मलाही. त्यांनाही असणार.

तर त्या दिवशी कार्यक्रम रद्द केल्या केल्या मी घरी फोन लावत बसले. पण त्यांना फोनची घंटा कुठली ऐकू येणार! मेसेज ते वाचत नाहीत. शेजारच्या काकूंना दार वाजवायला सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘‘अगं, ते तर जेवण झाल्यावर लगेच निघाले. कोरा शर्ट घातला होता. मी म्हटलं, लग्न आहे का कुठे?’’ मला ऑफिसातून लगेच निघता येईना. तिकिटवाले फोनवर फोन करत होते आणि मी प्रत्येकाला गोड आवाजात क्षमस्व म्हणत होते.

संध्याकाळी सभागृहावर पोचले. दार बंद. बाबा पायरीवर बसलेले, फोनवरचं तिकीट उघडं धरून. वॉचमन मला बघून म्हणाला, ‘‘तुमचेच का हे? कधीचा सांगतोय, आज काही नाहीये. म्हणतात, मी लवकर आलोय, थांबतो.’’

मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन मोठ्यानं म्हटलं, ‘‘बाबा, कार्यक्रम रद्द झाला.’’

‘‘त्याला बरं नाही का?’’

‘‘बरा आहे. तिकिटं खपली नाहीत.’’

त्यांना ऐकू आलं की नाही, कळेना. फोनवरचं तिकीट माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘मी तर घेतलं होतं.’’

घरी येऊन मी तुझी गाणी लावली, फोनवरची. हेडफोन नीट बसवला, आवाज पार वर नेला. ते डोळे मिटून बसले. मला वाटलं, चला, हे तरी जमलं. मग त्यांनी हेडफोन काढून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, ‘‘नुसती खरखर येतेय. मशीन बिघडलंय तुझं.’’

मी म्हटलं, ‘‘हो, उद्या दुरुस्तीला टाकते.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, टाकलंस का. मी म्हटलं, टाकलं. त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं असेल असं मला वाटतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही.

गेल्या आठवड्यापासून उजव्या कानानंही बोलणं कळत नाही. यंत्र आणलंय, त्यात सगळे आवाज एकसारखे येतात म्हणे. मी पाटीवर लिहून दाखवते. काल तुझं नाव लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं, बोलावू का म्हणून. त्यांनी पाटी पुसली नाही. तशीच मांडीवर ठेवून बसले.

तू ये. आल्यावर काय करायचं, ते मला माहीत नाही. तू गायलास तरी त्यांना कळणार नाही, आणि नाही गायलास तर ते आणखी वाईट. मला यातलं काहीच पुढेमागे करता येत नाहीये. फक्त एवढं आधीच सांगून ठेवते, ते दार उघडतील आणि तुझ्यावर मोठ्यानं बोलतील, जिन्यापर्यंत ऐकू जाईल इतकं. जेवलास का, एवढंच विचारत असतील. ओरडतायत असं समजून तिथूनच मागे फिरू नकोस. त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, दादा.

हात टेकलेली,
तुझी धाकटी