कूलंटमध्ये पाणी

१६ नोव्हेंबर, रविवार

गाडी उकळली! सासूबाईंना नरसिंहपूरला दर्शनाला नेलं होतं. परत येताना, आमचं कळंब हाकेच्या अंतरावर आलं आणि काटा लाल रेघेवर. बॉनेटमधून वाफ. मी इंजिन बंद केलं. झाकणाला हात लावला नाही, गरम असताना उघडलं तर तोंड भाजतं एवढं मला कळतं. उसाचा एक ट्रॅक्टरवाला थांबला. गाडी निवल्यावर त्यानेच त्याच्या कॅनमधलं पाणी ओतलं आणि ती चालू झाली. सासूबाईंनी त्याला प्रसादाचा नारळ दिला.

सासरे, म्हणजे तात्या, ओसरीवरच होते. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाईच्या हातात गाडी म्हंजी आसंच. आजून एकदा रस्त्यात बंद पडली की चावी माझ्याकडं."

चावी गेली म्हणजे बारामतीच्या डेअरीतली नोकरी गेली. एसटीने सातची शिफ्ट गाठता येत नाही. हे तात्यांना पक्कं ठाऊक आहे!

नाही देणार चावी.

१७ नोव्हेंबर

शिफ्ट सुटल्यावर गाडी मेकॅनिककडे नेली. रतन नाव त्याचं, डेअरीच्या मागच्याच रस्त्याला गॅरेज आहे. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटच्या टाकीत बघितलं तर जुन्या चहासारखं गढूळ. "कूलंट कवा बदललं व्हतं?" मी म्हटलं, ते बदलायचं असतं? हसला नाही, एवढे उपकार.

"म्याडम, आईल बदलता न्हवं? ह्येबी तसंच. टाकीत दिसतंय म्हणून चांगलं आसतं आसं न्हाय. गंज धरू न देणारं औषध त्यातनं संपल्यालं आसतं."

साधं असेल तर दोन-तीन वर्षं, जास्त टिकणारं असेल तर पाचेक. आणि गाडीच्या पुस्तकात दिलंय ते खरं. आमची गाडी जुनीच घेतलेली. घेतल्यापासून कुणी बदललेलं नाही, त्याआधीचं देवाला माहीत! सगळं धुऊन काढून नवीन गुलाबी भरलं. दोन जाती एकमेकांत मिसळायच्या नाहीत. वरून पाणी घालायचं नाही, अगदी अडलंच तर डिस्टिल्ड. बोअरचं तर नाहीच, आत क्षारांचा थर बसतो.

घरी येऊन तात्यांना हे सगळं ऐकवलं, मुद्दाम. "गाडीला सरबत पाजलंस व्हय?" म्हणाले.

हसा!

२१ नोव्हेंबर

काटा मध्यावर. जंक्शनच्या चौकात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे किती वेळ अडकले होते, तरी मध्यावर! घरी आल्यावर चावी तात्यांच्या समोरच खिळ्याला अडकवली. जरा जोरातच.

२६ नोव्हेंबर

सकाळी गाडीखाली गुलाबी डाग. गळती? पण टाकी बघितली तर गळ्यापर्यंत भरलेली. गळत असेल तर कमी व्हायला नको का? आणि रंगही फिका वाटतोय.

सासूबाई म्हणाल्या, "नगं काळजी करू, काय हुत न्हाय गाडीला." त्यांचा जीव आहे माझ्यावर. या घरात मी गाडी चालवावी असं वाटणारं तेवढंच एक माणूस.

२८ नोव्हेंबर

रतनने प्रेशर लावून बघितलं. "गळती न्हाय म्याडम. कोणतरी वरनं पाणी ओततंय. भरल्याल्या टाकीत ओतलं की उतू जाणारच." कूलंट मापायची त्याची नळी दाखवली. अर्ध्याहून जास्त पाणी!

आधी हसू आलं, मग डोकं फिरलं. मी दिवसभर दुधातलं पाणी पकडते. पाणी घालणारे गवळी माझ्या नावाने बोटं मोडतात. आणि माझ्याच अंगणात ही तऱ्हा!

गाडीला आम्ही कुलूप लावत नाही. नवरा, सौरभ, चाकणला नोकरीला, एखाद्या रविवारीच काय तो दिसतो. पहाटे अंगणात कोण असतं? गुरांना वैरण टाकायला तात्या. गाडी बंद पडावी असं कुणाला वाटतं? तात्यांना. हातच्या कांकणाला आरसा कशाला!

२९ नोव्हेंबर

बोलले. भर ओसरीवर. शेजारचे म्हस्कूआबा चहाला बसले होते, त्यांच्या देखत बोलले. "चावी पायजे तर तोंडानं मागा तात्या. चोरून पाणी कशाला ओतता?"

तात्या गोंधळल्यासारखे झाले. घरात बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "पाण्यानं कुणाचं वाईट झालंय?"

"खालच्या रानाचं झालं की! उसाला पाणी पाजून पाजून मीठ फुटलं. कुसळ तरी उगवतंय का तितं?"

म्हस्कूआबांनी कप खाली ठेवला. ते रान तात्यांचं सगळ्यात लाडकं होतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बोलले.

तात्या एवढंच म्हणाले, "बरं. हितनं म्होरं न्हाय पडणार पाणी."

म्हणजे कबूलच की!

३० नोव्हेंबर

सौरभ आला. "म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत बोलतात का असं?" आणि मला ओसरीवर बसून 'बाईच्या हातात गाडी' म्हणतात ते चालतं? त्याला म्हटलं, माफी मागणार नाही. नाही म्हणजे नाही.

१ डिसेंबर

पुन्हा सगळं काढून नवीन भरलं. रतन म्हणाला, आता पुस्तकात दिलंय तोवर बघायला नको. थंड गाडीत पातळी दोन रेघांच्या मधे दिसली की झालं.

तात्या माझ्याशी बोलत नाहीत. मीही बोलत नाही.

५ डिसेंबर

टाकी रेघेवर. रंग गडद गुलाबी. जमिनीवर थेंब नाही. बघा, बोललं की बंद होतं! आधीच बोलायला हवं होतं. गप्प बसणाऱ्या बायकांचीच चावी जाते.

तात्या हल्ली चहा गोठ्यातच मागवतात. मागवू देत.

८ डिसेंबर

निघताना सासूबाई गाडीपाशी आल्या. काच खाली घ्यायला लावली. "त्येंच्याशी बोल बाय आता. पाणी मी ओतत व्हते. ट्रॅक्टरवाल्यानं ओतलं तवाच चालू झाली न्हवं? रस्त्यात बंद पडू ने, तुझी चावी जाऊ ने म्हणून रोज पहाटं भरायची. तू त्येंस्नी बोललीस तवा मी दाराआडच व्हते. सांगाया निघाले, तर त्येंनी आडवलं. म्हणाले, ह्या घरात तिला तू येकटीच हायस, तेवढं तरी ऱ्हाऊ दी."