कुऱ्हाडवाल्या सिग्नेचा वारस

मी, व्हर्ना हाल्व्हरसन, वय चौऱ्याहत्तर, शाळेतील निवृत्त व्यायामशिक्षिका, राहणार क्रेन लेक, विस्कॉन्सिन, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. श्री. कॉनराड टेश यांचे मत वेगळे आहे. परंतु ते दर शनिवारी माझ्याशी भांडतच म्हातारे झाले असल्याने त्यांचे मत ग्राह्य धरू नये. माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सिग्नेला माझ्याबरोबर पुरावे, असे लिहिले होते, कारण तेव्हा तिला सांभाळील असा कोणी दिसत नव्हता.

कलम १. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी मुलगी लॉरेल हिला मिळावी. मात्र तळघरातील ओकचे टेबल हलवू नये, आणि शनिवारची मंडळी स्वतःहून पांगेपर्यंत त्यांना तेथे बसू द्यावे. लॉरेलचे म्हणणे, "आई, अख्खं तळघर त्या भुतावळीला दिलंस, मग माझं सामान काय डोक्यावर ठेवू?" तिने ते गॅरेजमध्ये ठेवावे.

कलम २. बर्फ उडवायचे यंत्र ड्वेन बार्टल्ट यास द्यावे. तो ते पहिल्या बर्फाला नेतो आणि ट्युलिप फुलल्यावर परत करतो, तेव्हा ते त्याचेच आहे.

कलम ३. माझा वीस बाजूंचा लाल फासा कोणालाही देऊ नये. त्याने ऐन वेळी इतका दगा दिला आहे की तो तळ्यात फेकलेला बरा.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नसून हिशेब चुकता करण्याचे आहे. वकिलीणबाईंनी ते गाळायला सांगितले. मी ऐकलेले नाही.

आमच्या शनिवारच्या खेळात प्रत्येकाचे एक पात्र असते, कागदावर लिहून ठेवलेले. आपले पात्र काय करते ते आपण सांगायचे, जमले की नाही ते फासे ठरवतात, आणि बाकीचे जग, राक्षसांसकट, सूत्रधार चालवतो. आमचा सूत्रधार ड्वेन. माझी सिग्ने कुऱ्हाड चालवणारी, कॉनराडचा जादूगार. सुरुवातीला त्या जादूगाराला मांजराने बोचकारले तरी तो आडवा व्हायचा आणि सिग्ने त्याला पाठुंगळीला घेऊन पळायची. पुढे त्याचे मंत्र वाढले. तो उडू लागला, कुलपे फुंकरीने उघडू लागला, सैन्ये जाळू लागला. सिग्नेने कुऱ्हाड उगारेपर्यंत लढाई संपलेली असे, आणि मी मंडळींसाठी केक कापायला उठत असे.

"व्हर्ना, तू आपली घोडे धर," कॉनराड म्हणायचा. हे वाक्य मी विसरलेले नाही.

उपाय पुष्कळ झाले. ड्वेनने सिग्नेला पेटती कुऱ्हाड दिली, पण ती पेटवून द्यायला जादूगारच लागायचा. नव्या नियमपुस्तकांनी योद्ध्यांना करामती दिल्या. त्या म्हणजे मंत्रच, फक्त घाम पुसून सांगितलेले. मला कॉनराडचे हात बांधायचे नव्हते. मी नसले तर खेळ अडावा, एवढेच मला हवे होते.

खरी मेख आमच्या सवयीत होती. जादूगाराचे मंत्र रात्रभर झोपल्यावरच परत येतात. म्हणून प्रत्येक चकमकीनंतर कॉनराड म्हणायचा, "चला, झोपू या," आणि आम्ही सगळे शहाणे राक्षसाच्याच ओसरीवर पथाऱ्या पसरायचो. एका फेब्रुवारीत मी ड्वेनला विचारले, "आम्ही झोपतो तेव्हा राक्षस काय करतात रे? विणकाम?"

ड्वेनचा चीजचा घास हातातच राहिला. कॉनराड उखडला. "हा नियम बदलणं झालं!"

"नियमाचं एक अक्षर बदललेलं नाही. फक्त घड्याळ चालू केलंय," मी म्हणाले. "आपण झोपलो म्हणून जग थांबायचं नाही."

पुढच्याच शनिवारी मिठाच्या खाणीत गावकरी अडकले होते आणि पाणी चढत होते. कॉनराडने पहिल्याच दाराशी सगळी आतषबाजी उधळली आणि सवयीने म्हणाला, "चला, झोपू या."

"झोपा की," ड्वेन म्हणाला. "पाणी गुडघ्याला लागलंय."

मी म्हणाले, सिग्ने वाट अडवणारे खाणीचे लोखंडी दार पाठीवर उचलते. उचलले. पोरंबाळं खालून जाऊ लागली. मागून खाणीतले राक्षस आले. ती एका हाताने लढली. पाणी छातीला आले, गळ्याला आले. प्रत्येक वेळी फासा टाकायचा आणि प्रत्येक वेळी जीव टांगणीला. कॉनराड खुर्चीवरून उठून ओरडत होता, "धर, व्हर्ना! सोडू नकोस!" सगळ्यात शेवटी त्याचाच जादूगार बाहेर निघाला, आणि मग ती. आम्ही एकमेकांना मिठ्या मारल्या. कॉनराड चष्मा पुसत होता आणि मी भर तळघरात नाचले. आयुष्यात इतका आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे.

तेव्हापासून कॉनराड मंत्र जपून वापरतो आणि दार फोडण्याआधी मला विचारतो.

कलम ५. सिग्ने. तिचा वारस ठरत नव्हता. ज्याला ती नुसती ढाल वाटेल, त्याच्या हाती मला ती द्यायची नव्हती. ही जागा कोरी ठेवूनच मी गेल्या शनिवारी हे मृत्युपत्र कॉनराडपुढे सरकवले. साक्षीदार तोच हवा होता. तो माझ्या बाजूने खोटे बोलेल, असे कोणीही म्हणणार नाही.

त्याने पेनचे टोपण काढले, सगळे वाचले, आणि विचारले, "साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही ना?"

"वकिलीणबाई तर नाहीच म्हणाल्या."

त्याने टोपण परत लावले. "मग दुसरा कोणीतरी बघ."

"का रे? घर हवंय?"

"घर घेऊन काय करू? सिग्ने दे मला."

"अन् तुझा जादूगार?"

"तो काय गं, कोणालाही जमेल," तो म्हणाला. "मंत्र संपले की त्याचं काम संपलं. हिचं त्यानंतर सुरू होतं."

सबब सिग्ने, तिच्या कुऱ्हाडीसह, मी कॉनराड टेश यास देत आहे. त्यास कोणतीही अट नाही.

वरील मजकूर मी वाचून, समजून, अत्यंत समाधानाने सही केली आहे.

व्हर्ना हाल्व्हरसन
क्रेन लेक, १८ मार्च २०२३

साक्षीदार:
१. मिल्ड्रेड ओल्शेव्स्की, शेजारीण. खेळातले काही कळत नाही, म्हणून निःपक्षपाती.
२. रॉजर प्लेट्झ, पोस्टमन. टपाल टाकायला आले असता दारात थांबवले.