शेवटच्या बाकापर्यंत

३० मार्च, रविवार

गुंडा आला होता चर्चला!

संदेश निम्मा झाल्यावर आला. चपला पार फाटकापाशी काढून ठेवलेल्या. आला आणि शेवटच्या बाकावर बसला – माझ्याच बाकावर, दुसऱ्या टोकाला.

शेवटचा बाक तसा कुणाचाच नाही. पुढे डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. मागचा आडवा बाक उशिरा येणाऱ्यांचा. सांगलीला दवाखान्यात रात्रपाळी करून मी थेट एस.टी.ने येते, म्हणून तो माझा झालाय. डोळा लागला तरी कुणाला दिसत नाही. आज डोळा लागला नाही.

पूर्वी ढोलकी गुंडाच वाजवायचा. माझा नवरा सुहास पेटीवर, गुंडा ढोलकीवर. मग तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत गुंडाचा उसाचा ट्रॅक्टर सांगली रस्त्यात पंक्चर झाला. मागे दोन ट्रॉल्या, दिवा नाही. अशा वेळी लोक निदान उसाच्या वाढ्याचा भारा टाकतात रस्त्यावर, चार दगड मांडतात. यानं काही टाकलं नाही. तसाच सोडून पंक्चरवाल्याला आणायला गेला. अंधारात सुहासची मोटारसायकल मागून जाऊन आदळली, त्यातच तो गेला. परत येऊन गुंडानं पाहिलं – आणि पळाला. अथणीला, मामाकडे. पुढे पोलिसांत हजर झाला, जामीन मिळाला, केस चालूच आहे.

आज गाणं चालू होतं तेव्हा त्याचं तोंड बंद होतं. बोटं मात्र गुडघ्यावर हलत होती.

३१ मार्च

पाय दुखतात. लिहायला काही नाही.

२ एप्रिल, बुधवार

महिला मंडळाची प्रार्थना मंगलवहिनींकडे होती. उत्तम शुक्रवारचे सात उद्गार यंदा कोण कोण बोलणार, त्याच्या चिठ्ठ्या टाकल्या. वधस्तंभावरून प्रभू सात वेळा बोलला, त्यातलं एकेक प्रत्येकीला. मला दुसरा उद्गार आला. शेजारच्या वधस्तंभावरचा चोर म्हणतो, माझी आठवण ठेव. आणि त्याला उत्तर मिळतं, की आजच तू माझ्याबरोबर असशील. आजच!

मंगलवहिनी म्हणाल्या, "सोप्पा आला की गं तुला! मला मेलीला तहानेचा आलाय. पाच मिनिटं तहानेवर काय बोलू मी?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

प्रभूचं तारण सगळ्यांसाठी आहे. लहानपणी रविवारच्या शाळेत हात पसरून म्हणायचो – सगळ्यांसाठी! हात जेवढे लांब जातील तेवढे लांब. आता खांदा दुखतो.

५ एप्रिल, शनिवार

उद्या चर्चमध्ये प्रभुभोजन, भाकर आणि द्राक्षाचा रस. प्याल्यांतला रस आमच्याच घरी होतो. सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून हे काम कुणाला दिलेलं नाही. तासगावचे बेदाणे, काळे, रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून पिळायचे. मग साखर. फडकं मी पिळते, त्यांच्या बोटांत आता जोर नाही.

"गोड झालाय का बग."

"झालाय," म्हटलं. चमचा धुऊन ठेवला.

रस गाळता गाळता म्हणाल्या, "गुंड्या आल्ता म्हणं."

"हो."

"बरं झालं."

बरं झालं! माझा नवरा, पण त्यांचा तर एकुलता एक मुलगा. मी फडकं इतकं पिळलं की शिवण उसवली.

६ एप्रिल, रविवार

आज जे झालं ते लिहिते, नाहीतर डोक्यातच फिरत राहील.

गुंडा आलाच. त्याच टोकाला बसला. मधे चार माणसांची मोकळी जागा.

आमच्यात ताट हातोहात जातं. मंडळीचे वडीलधारे नानासो ताट बाकाच्या एका टोकाला देतात, प्रत्येकानं आपलं घ्यायचं, शेजाऱ्याच्या हाती द्यायचं, शेवटचा परत करतो. ते ताट माझ्याकडे आलं. आधी भाकरीचं. मी ताट धरलं आणि तसंच नानासोंच्या हातात परत दिलं. ते गोंधळले. बाकाच्या त्या टोकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग प्याल्यांचं आलं. तेही तसंच परत. नानासोंच्या हातात प्याले किणकिणले. साऱ्या चर्चला ऐकू गेलं असेल.

गुंडानं मान वर केली नाही. शेवटच्या गाण्याआधी उठून गेला.

मला वाटलं होतं, बरं वाटेल.

७ एप्रिल

सासूबाई सकाळपासून बोलल्या नाहीत. भाकरी वाढताना एवढंच – "ताट काय तुझ्या म्हायारनं आणलंय व्हय गं?"

१० एप्रिल, गुरुवार

एस.टी. रोज अपघाताच्या जागेवरून जाते. मी कवलापूर आलं की डोळे मिटते आणि ड्रायव्हरनं गिअर बदलला की उघडते. आज कंडक्टरनं विचारलं, "ताई, चक्कर येती का?" लिंबाची गोळी दिली. चांगला माणूस.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

गुंडा नव्हता. बाक सगळा माझा. पोरं झावळ्या हलवत पुढे गेली आणि मला खरंच झोप लागली.

उपासना झाल्यावर पाळकसाहेब थांबले. फार जपून बोलले. "सिस्टर, दुसरा उद्गार जड जात असेल तर बदलून देतो. मंगलवहिनी तयार आहेत." मंगलवहिनी असणारच तयार!

म्हटलं, "नको. बोलेन मी." का म्हटलं, देव जाणे.

मग विचारलंच – "साहेब, सगळ्यांसाठी म्हणजे अगदी सगळ्यांसाठी?"

त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "एकाला जरी वगळलं, तर मग पुढचा कोण, हे रोज ठरवत बसावं लागेल." मग चष्मा पुसत म्हणाले, "मला शिकवायला सोपं आहे. माझं कुणी गेलेलं नाही."

हे शेवटचं बोलले म्हणून त्यांचा राग आला नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

आज सासूबाईंचे पाय चेपताना त्या सहज बोलून गेल्या. "मीच बोलावलं त्याला."

"कुणाला?"

"गुंड्याला. त्याची आय मेली फेब्रुवारीत. मातीला कुणी गेलं न्हाई. मी गेल्ते. दारात बसलावता, कुत्र्यावानी. म्हटलं, रविवारी ये रं. आन ढोलकीचा पार इस्कोट झालाय म्हटलं, त्या पृथ्वीराजला ताल कळत न्हाई, बेताल बडवतंय."

"मला सांगितलं नाहीत."

"सांगितलं आसतं तर जाऊ दिलं आसतंस?"

मी पाय चेपत राहिले. दुसरं काय करणार? पण हाताला त्यांची हाडं लागली आणि रडू आलं. त्यांनी ओळखलं असावं. म्हणाल्या, "तुला सोड म्हणत न्हाई मी. माजंबी सुटल्यालं न्हाई. पर मी म्हातारी, मला वझं उचलून चालता येत न्हाई गं. खाली ठिवलंय, एवढंच."

ठेवून देता येतं असं? कुठे ठेवायचं?

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

बारा ते तीन. उकाडा. गुंडा आला होता, पण आत नाही. दाराबाहेर, कडुलिंबाखाली उभा. लाऊडस्पीकर बाहेर ऐकू जातो.

मी चार कागद लिहून नेले होते. वाचलेच नाहीत. उभी राहिले आणि वेगळंच बोलले. आठवतं तेवढं लिहिते –

की त्या चोरानं कुणाला लुटलं होतं, ते कुठंच सांगितलेलं नाही. पण कुणीतरी असेलच ना. त्याच गावचं. कदाचित त्या दिवशी तिथं उभंही असेल, बघायला. त्याच्या कानावर ते शब्द पडले असतील. ज्यानं माझं घर मोडलं, त्याला आजच, लगेच, जागा! मग तो माणूस घरी कसा गेला असेल? जेवला असेल का?

एवढं बोलले आणि पुढचं सुचेना. म्हटलं, "मला पुढचं येत नाही," आणि खाली बसले. कुणीतरी खोकलं. पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं.

घरी आल्यावर उपास सोडायला सासूबाईंनी पेज केली. दोघी जेवत होतो. मधेच म्हणाल्या, "चांगली बोललीस. निम्मं बोललीस."

"निम्मं कसं?"

"त्या लुटल्याल्या माणसालाबी बोलावलंच आसंल की. सगळ्यास्नी म्हंजी त्यो बी आला. त्योच गेला नसंल." आणि पेज ओरपली.

मी वाटी घासत किती वेळ उभी होते कोण जाणे.

१९ एप्रिल, शनिवार

बेदाणे पिळले. खांदा जड. फार दमलेय. रागावायलासुद्धा अंगात ताकद लागते.

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

ताट आलं. गुंडा त्याच्या टोकाला. मी सरकले – एका माणसाची जागा, मग दुसरी, मग हात पोचेल इतकी. ताट पुढे केलं. त्यानं घेतलं नाही. अगदी हळू म्हणाला, "वैनी, तुमी आदी. त्या दिवशीबी तुमी घेतलं न्हवतं." सुहास गेल्यापासून मी एकदाही घेतलेलं नाही. मनात अढी ठेवून घेऊ नये, असंच शिकवलंय ना आपल्याला! तीन वर्षं शेवटच्या बाकावर कुणाला दिसलं नाही. यालाच दिसलं.

घरी येऊन म्हटलं, "आई, या वेळी रसात साखर जरा जास्त झाली."

सासूबाईंनी पदराला हात पुसले, माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तीन वर्सं तेवडीच घालतीया मी."