चढावर घसरणारा क्लच

४ ऑक्टोबर

पुन्हा चढावर अडकले. बागेतल्या एटीव्हीच्या मागे लिंबांचे क्रेट बांधलेले, इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलत नाही. मोटरसायकलसारखं हँडल, चार जाडजूड चाकं — सगळं नुसतं शोभेला. शेवटी क्रेट उतरवले आणि एकेक कमरेवर घेऊन वरच्या रस्त्यापर्यंत नेले. सासूबाईही आल्या, गुडघे धरत. म्हणाल्या, "आवाज मोठा आणि काम शून्य. अगदी माझ्या मुलासारखी."

मला हसू आलं. त्या हसल्या नाहीत.

५ ऑक्टोबर

पाठ धरलीय. दिवसभर लोळून.

६ ऑक्टोबर

दादाचा फोन. "नवऱ्याच्या आईला किती दिवस सांभाळत बसणार तू? तो तिकडे दुसरं घर मांडून बसलाय. आमची वरची खोली रिकामी आहे. ये निघून."

जायचंय मला. खरंच दमले. शेजारचे काका बाग करायला तयार आहेत, पण गाडी चालती हवी म्हणतात. बरोबरच आहे, या वयात ते कुठे क्रेट वाहणार? म्हणजे गाडी नीट झाली की मी मोकळी. सासूबाईंना सांगायचं तेवढं राहिलं. तेच जिवावर येतंय.

८ ऑक्टोबर

मेकॅनिकला फोन. गाडी त्याच्याकडे न्यायची तर टेम्पो हवा, म्हणून फोनवरच शिकवणी. "इंजिन रेस होतंय पण चाकाला ताकद जात नाही — म्हणजे क्लच घसरतोय. आधी ॲडजस्टमेंटचा स्क्रू बघा." नट सैल केला, तो सांगेल तसा स्क्रू फिरवला. सपाटीवर छान पळाली. चढ आला की तेच रडगाणं.

९ ऑक्टोबर

आज ऑइल काढलं. काळंकुट्ट, करपलेला वास. नवीन भरलं, तरी फरक नाही. मेकॅनिक म्हणाला, "मग प्लेटा गेल्या. उघडावंच लागेल, ताई."

मी कधी साधा मिक्सरही उघडलेला नाही.

१२ ऑक्टोबर

उघडलं. सासूबाई क्रेट पालथा घालून शेजारी बसल्या. निघेल तो बोल्ट पुठ्ठ्यावर ओळीनं मांडत होत्या. "लांबीला वेगवेगळे आहेत. मिसळले तर बसशील रडत." मला सुचलंच नसतं.

झाकण निघालं, स्प्रिंगा निघाल्या, मग प्लेटा. खरखरीत असायला हव्यात, त्या काचेसारख्या गुळगुळीत. मधल्या लोखंडी तर निळ्या पडलेल्या.

"हे निळं कशानं गं?"

"तापून. घसरत राहिल्यामुळे."

"मग एवढे दिवस कळलं नाही?"

"आवाजावरून कळत होतं, आई. आपणच रेटत राहिलो."

त्या फडक्यानं एकेक प्लेट पुसत राहिल्या. फेकूनच द्यायच्या होत्या, तरी.

१५ ऑक्टोबर

नवीन प्लेटा आल्या. रात्रभर ऑइलमध्ये भिजवायच्या, नाहीतर पहिल्याच दिवशी जळतील. जुन्या पातेल्यात ठेवल्यात. सासूबाई म्हणाल्या, "लोणचं घातल्यासारखं दिसतंय."

१६ ऑक्टोबर

सगळं बसवलं. बोल्ट एकही उरला नाही. गाडी सुरू केली, गिअर टाकला — ॲक्सिलरेटर दाबायच्या आतच पुढे सरकायला लागली. क्रेटांच्या थप्पीत घुसणार होती, कसाबसा ब्रेक मारला. मेकॅनिक म्हणाला, घाबरू नका, आता क्लच पूर्ण सुटत नाहीये, स्क्रू परत जुळवा. जुळवला. थांबली निमूट.

मग सगळे क्रेट लादून चढावर. एका दमात वर.

खाली आले तेव्हा सासूबाई फोनवर त्यांच्या बहिणीशी बोलत होत्या. मला बघून बोलणं आवरतं घेतलं.

१८ ऑक्टोबर

आज सांगायचंच ठरवलं होतं. जेवताना तोंड उघडलं आणि मीठ मागितलं.

१९ ऑक्टोबर

सकाळी सासूबाई पिशवी भरून गाडीपाशी उभ्या. "मला रस्त्यापर्यंत सोड. बहिणीकडे चाललेय, राहायलाच. बाग शेजारच्यांना करायला दिलीय, माझं बोलणं झालंय त्यांच्याशी."

मी म्हटलं, "आई, हे काय मधेच?"

"तुझा पाय माझ्यापायी अडकलाय, मला दिसत नाही का? आता जा तू."

वर सोडलं त्यांना. बसमध्ये चढताना त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

काय काय सांगायचं, सगळं पाठ करून ठेवलं होतं मी. घरी आले, तर ऐकायला कोणी नाही.