डर्बनची भिशी

३ मार्च, रविवार

ठरलं! डिसेंबरात डर्बन. समुद्र! आणि पुलाची एक नोटही कर्जाऊ न घेता.

भिशीत आम्ही दहाजणी. मा-पेलो, म्हणजे पेलोची आई, अध्यक्ष – चर्चमध्ये सगळ्यात पुढे बसतात म्हणून, बाकी हिशेबाचा आनंदच आहे. दर महिन्याला प्रत्येकीनं दोनशे पुला टाकायचे. शिवाय भिशीतले पैसे बाहेर उधार देऊन प्रत्येकीनं व्याज आणायचं, महिन्याला शेकडा वीस. बस, राहणं, सगळं त्या व्याजावर. उधार घेणाऱ्याचं नाव कुणी विचारायचं नाही. जिनं दिलं तिनं निस्तरायचं. आमच्या आयांपासून हेच चालत आलंय. मला कधीच पटलं नाही. नाव झाकतात म्हणजे झाकण्यासारखं काहीतरी असणारच.

ओडिरिलेला सांगितलं तर म्हणतो, "समुद्रात असतं काय? पाणीच ना?"

म्हटलं, तुझ्या गुरांच्या हौदात असतं त्याहून जरा जास्त. नवऱ्याशी बोलावं तर हे असं.

१७ मार्च

डर्बनला एका चर्चच्या हॉलमध्ये राहायचं. गाद्या आपल्या, चूल त्यांची. पीठ, सुकं मांस इथूनच न्यायचं. मा-पेलोंच्या बहिणीची ओळख.

इतकं स्वस्त कसं? मी स्वतः फोन केला. पाद्रीबाबाच बोलले. आवाज फारच गोड! पुढच्या आठवड्यात नाव बदलून पुन्हा करणार आहे.

२४ मार्च

केला. तोच गोड आवाज, तेच भाडं. म्हणजे पढवून ठेवलेला दिसतो.

२ जून, रविवार

नवरा आणि दोन मुलं न्यायची तर वरचे तीन हजार महिनाअखेर भरायचे. माझं सगळं मगविन्यांवर – शाळेच्या फाटकाशी पहाटेपासून कणकेचे गोळे तळते, तेव्हा कुठे घर चालतं. त्यातून तीन हजार कुठले?

ओडिरिले म्हणाला, "आपल्या थाटोनं वर्गात सगळ्यांना सांगून टाकलंय, समुद्राला जाणार म्हणून. बघतो मी."

मी म्हटलं, बघ, पण उसनं नाही. आठवतंय ना?

न आठवून कसं चालेल? हप्त्यावरचा सोफा दुकानाच्या ट्रकनं भरदिवसा उचलून नेला. गल्ली बघत होती. आमची धाकटी ट्रकला टाटा करत होती! मी त्याच दिवशी ओडिरिलेला बजावलं – या घरात पुन्हा उधारी शिरली तर मी मुलांना घेऊन आईकडे. आणि मी म्हणते ते करते, हे त्याला ठाऊक आहे.

३० जून

ओडिरिलेनं तीन हजार हातात ठेवले!

"कुठून?"

"साठवलेले. ट्रकवर वाळूच्या जादा फेऱ्या मारल्या."

पुन्हा विचारलं. तेच उत्तर. नोटा खिडकीशी नेऊन उजेडात धरून बघितल्या. तो हसून म्हणाला, "बाई, तू पोलिसात जायला हवी होतीस." मग माझीच मला लाज वाटली. कोंबडी कापली. मांडी त्याला दिली.

२८ जुलै

आज मा-सेथुन्यानं व्याज आणलं. सेथुन्या तिची एकुलती एक पोर, नवरा नाही, शिवणकाम करते. हिला उधार घेणारा कोण भेटला? बाकीच्या सगळ्या आपल्याच खिशातून घालून "बाहेरून आलं" म्हणतात, मला काय कळत नाही! हिनं मात्र खरंच बाहेरून आणलेलं दिसतंय. करकरीत, वेळेवर.

"माणूस चांगला आहे," एवढंच म्हणाली. खाली बघत.

१ सप्टेंबर

परत वेळेवर! असा आणखी एक भेटला तर डर्बनला दोन रात्री जास्त राहता येईल. देव त्या माणसाचं भलं करो.

तरी पण सावध असावं. मी सुचवलं, जो चुकवेल त्याला व्याजावर व्याज. सगळ्यांनी हात वर केले. मा-सेथुन्यानं नाही. का बरं?

२९ सप्टेंबर

घ्या! व्याज नाही. "माणूस अडचणीत आहे," मा-सेथुन्या म्हणाली. "त्याचं काम निम्म्यावर आलंय."

"नाव सांग."

"नाव विचारायचं नसतं, मा-थाटो."

"मग माणूस तरी आहे का?"

मा-पेलो एकदम प्रार्थनाच म्हणायला लागल्या.

येताना मुद्दाम तिच्या घरावरून आले. पुढच्या खिडकीला नवी काच! पाणी कुठे मुरतंय ते कळलं मला.

१२ ऑक्टोबर

हे लिहूनच ठेवते.

मगविन्यांचं पीठ आणायला गेले होते. मा-सेथुन्याच्या फाटकाशी ओडिरिले उभा. मान खाली. ती हळू आवाजात काही सांगत होती आणि हा ऐकून घेत होता. माझं दोन वाक्यं ऐकत नाही कधी!

घरी आल्यावर विचारलं, कुठे होतास?

"एकाचा नळ गळत होता."

तिच्या घरी नळच नाही. ती कोपऱ्यावरून बादलीनं पाणी आणते, सगळ्या गावाला माहीत आहे.

म्हणजे भिशीही हिनंच खायची आणि नवराही हिनंच न्यायचा!

१३ ऑक्टोबर

त्याच्या शर्टाचा वास घेतला. डिझेल. बाई हुशार आहे.

२० ऑक्टोबर

आज जेवताना म्हणतो, "तांबडी कालवड विकू या म्हणतो."

तांबडी! त्याच्या वडिलांनी स्वतः दिलेली. तिच्यासाठी दर रविवारी गुरांच्या तळावर जातो आणि माझ्यापेक्षा तिच्याशी जास्त बोलतो. विचारलं, कशासाठी? तर म्हणे, "असू देत हाताशी. प्रवासात लागतील." प्रवासाचं सगळं भरून झालंय. मग हे कुणाला लागणार आहेत, मी काय दूधपिती आहे?

सरळ सांगितलं – तांबडी विकलीस तर मी घरात राहणार नाही.

ताटातलं तसंच ठेवून उठला. हल्ली नीट जेवतही नाही. बाहेर जेवून येत असणार.

खरं लिहायचं तर मला रडू येतंय. समुद्राला त्याच्याबरोबरच जायचं होतं मला.

३ नोव्हेंबर, रविवार

भिशी. मा-सेथुन्यानं पिशवीतून पैसे काढून चटईवर ठेवले. शिवणयंत्र विकलं म्हणे. "त्याचं मी भरते. विषय संपवा."

परक्याच्या बुडीतासाठी कुणी स्वतःचं यंत्र विकतं का? ज्याच्या मनात पाप तोच असं भरतो. मी उभी राहिले. म्हटलं, पैसे उचल. रिवाज आहे तो करू – दहाहीजणी शाली पांघरून त्याच्या दारात जाऊन बसू. तो पैसे देईल, नाहीतर वस्तू देईल. गल्ली बघेल. आणि माणूस नसेलच तर तेही सगळ्यांना दिसेल.

मा-पेलो म्हणाल्या, "पुढे कोण होणार? बोलणार कोण?" हे काम कुणालाच नको असतं. पुढे होईल तिला ते घर जन्मभर विसरत नाही.

"मी," म्हटलं.

मा-सेथुन्या रस्त्यापर्यंत मागे आली. हात धरला. "मा-थाटो, माझं ऐक. नको."

"का? माणूस नाहीये?"

"आहे."

"मग दार दाखव."

ती रडायला लागली. काय नाटकी बाई आहे!

८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाल धुतली. वाक्य पाठ केलं – "आमचं आहे ते न्यायला आलोय." आवाज चढवायचा नाही, एकदाच म्हणायचं.

ओडिरिलेनं विचारलं, "उद्या शाली कशाला?"

"एका बुडव्याच्या दारात बसायचंय. मा-सेथुन्याचा माणूस." तिचं नाव घेताना त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

त्यानं विचारलं, "त्याची मुलं घरी असतील तर?"

"ते त्यानं उधार घेताना बघायचं होतं."

"बरोबर आहे तुझं," म्हणाला. आणि मुलांना माझ्या आईकडे सोडायला गेला. आजच कशाला, कुणास ठाऊक.

९ नोव्हेंबर, शनिवार

गेलो. मी पुढे, मा-सेथुन्या शेजारी. दुकानापाशी वळली, मग आमच्या गल्लीत शिरली. मला वाटलं, हिला पाणी प्यायचं असेल. आमच्या फाटकाशी थांबली. म्हणाली, "हेच."

ते तीन हजार. साठवलेले!

ओडिरिले अंगणात उभा होता. शेजाऱ्यांकडून मागून आणून खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. मोजल्या. दहा. मलाही धरलं होतं.

नऊजणी माझ्याकडे बघत होत्या. बोलायचं माझ्याकडे होतं.

मी बोलले. आवाज न चढवता. एकदाच.